मुठीचे मडके

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात, एक लहानसे मडके असे. दळणासाठी ज्वारी पाखडून झाली की आजी तिच्यातली एक मूठ आधी त्या मडक्यात टाकी आणि मगच उरलेले धान्य दळणाच्या डब्यात भरी. ही मूठ टाकताना ती डोळे मिटत नसे, काही पुटपुटतही नसे. कालवणात मीठ घालावे तितक्या सहजपणे तिचा हात कोनाड्याकडे जाई. महिनाअखेरच्या रविवारी ते मडके धुतलेल्या फडक्यावर पालथे होई, फडक्याला गाठ बसे आणि ती गाठ आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजापुढे ठेवलेल्या टोपलीत जाई. नगर जिल्ह्यातल्या त्या खेड्यात जी काही ख्रिस्ती घरे होती, त्यांतल्या बहुतेक घरांत असे मडके किंवा डबा होता, आणि पाळकांच्या घरची चूल बऱ्याच अंशी त्या गाठींवर पेटत होती.

आठ-नऊ वर्षांची असताना मी त्या मडक्यातली दोन मुठी ज्वारी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन वाण्याकडे गेले आणि बदल्यात लिमलेटच्या गोळ्या आणल्या. आजीला ते कसे कळले ते मला आजवर कळलेले नाही. तिने मारले नाही, देव शिक्षा करील असेही सांगितले नाही. "ते आपलं नव्हतं गं, आपल्याकडं ठेवायला दिलं होतं," एवढेच ती म्हणाली, आणि त्या महिन्यात दोन मुठी जास्तीच्या टाकायला लावल्या, त्याही माझ्या हाताने. माझी मूठ लहान म्हणून चार. पुढे एका पावसाळ्यात शेजारच्या घरी बाळंतीण होती, घरात दाणा नव्हता, आणि आजीनेच त्या मडक्यातली दोन शेर ज्वारी काढून तिकडे पोचवली. मला हा उघड अन्याय वाटला. पण रविवारी उपासना सुटल्यावर तिने पाळकांना उभे करून, पदर सावरत, सांगितले की ह्या महिन्याच्या गाठीत दोन शेर कमी आहेत, ते अमक्या घरी गेले. पाळकांनी मान डोलावली आणि वहीत तसे लिहून घेतले. माझी चोरी आणि तिचे काढणे ह्यांत फरक कोणता, ते मला पुष्कळ वर्षांनी उमगले. फरक त्या वहीतल्या ओळीचा होता.

आज मी शहरातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार आहे. दर रविवारी थैल्यांतले पैसे मोजणे, पाकिटांवरची नावे नोंदवणे, पावत्या फाडणे आणि सोमवारी बँकेत भरणा करणे हे माझे काम. गेल्या काही वर्षांत दाराशी क्यूआर कोडचा फलकही लागला आहे, त्यामुळे निम्मे अर्पण आता आवाज न करता येते. ह्या कामामुळे देण्याविषयीची प्रवचने मी जरा वेगळ्या कानांनी ऐकते. ज्याला शहरी मंडळ्यांत 'स्टुअर्डशिप' म्हणतात आणि ज्याच्यावर दोन-दोन दिवसांची शिबिरे भरतात, त्यासाठी मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एक साधा, घरगुती शब्द आहे: कारभारी. कारभारी विश्वासू असला पाहिजे, असे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, आणि आमच्या गावच्या बायका आपल्या नवऱ्याचा उल्लेखही कारभारी म्हणूनच करीत. वाड्यावरच्या कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, त्याच्या शब्दावर गडी कामाला लागतात, कोठारातले धान्य तोच मोजून देतो. फक्त कोठार त्याचे नसते. ही शेवटची गोष्ट विसरणे फार सोपे आहे. छत्रपतींचे प्रधान असलेले पेशवे कालांतराने राज्याचे धनी झाले आणि पेशव्यांचे कारभारी पेशव्यांना वरचढ झाले, हा इतिहास ज्या भाषेने पाहिला आहे, त्या भाषेत तरी 'कारभारी' ह्या शब्दाचा धोका समजावून सांगावा लागू नये.

लूकच्या शुभवर्तमानात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे. धन्याच्या कानावर येते की हा माणूस आपली मालमत्ता उधळतो आहे. धनी त्याला बोलावतो आणि म्हणतो, कारभाराचा हिशेब दे. ती गोष्ट पुढे अशा वळणावर जाते की भल्याभल्या प्रवचनकारांना तिथे घाम फुटतो, पण आरंभीची मागणी सरळ आहे. देणाऱ्याला आपण सांगतो की बाबा रे, तुझा पगार, तुझे शेत, तुझी मुदत ठेव ह्यांतले काहीच तुझे नाही, सगळे देवाने सांभाळायला दिलेले आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ज्या घटकेला ते पैसे थैलीत पडतात, त्या घटकेला ते मंडळीचेही होत नाहीत. तेव्हा कारभारी बदलतो, धनी तोच राहतो. प्रवचनांत पहिला भाग मी शेकडो वेळा ऐकला आहे. दुसरा भाग ऐकल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आमच्यासारख्या कुटुंबांत देण्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो आजीच्या पिढीला शब्दांत न सांगता ठाऊक होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे उभारले. पुढच्या काळात त्या जिल्ह्यातल्या खेड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले होते. गावगाड्यात ह्या माणसांचा हात घेणारा हात होता. सुगी झाली की खळ्याच्या कडेला उभे राहायचे, फडके पसरायचे आणि वरून ओतले जाईल ते बलुते बांधून न्यायचे. ते वर्षभराच्या कष्टाचे मोल होते, तरी त्याची रीत भिक्षेची होती. मिशन आले तेव्हा शाळा, दवाखाना, दुष्काळातले अन्न, अनाथ मुलांचा सांभाळ हे सगळे मिळाले, आणि त्याबद्दलची कृतज्ञता आमच्या घरात अजून आहे. पण हात पुन्हा घेणाराच राहिला. पैसा बोस्टनहून यायचा आणि तो कुठे खर्च व्हायचा हे बोस्टनने नेमलेली माणसे ठरवायची.

हे मिशन चालवणाऱ्या, ह्याच बोस्टनमधल्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन ह्यांचे म्हणणे असे की मंडळी स्वतःच्या पैशावर चालली पाहिजे, स्वतःचा कारभार स्वतः पाहिला पाहिजे आणि स्वतःच पसरली पाहिजे. १८५४-५५ च्या सुमाराला ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊनही गेले. दिवसाला दोन-चार आणे कमावणाऱ्या, तेही रोज न कमावणाऱ्या माणसांना 'आपल्या पाळकाचा पगार आपण द्या' असे सांगणे मला पूर्वी निर्दयपणाचे वाटे. भरल्या पोटी दुसऱ्याला स्वावलंबन शिकवणे कधीच अवघड नसते, आणि मिशनचे बंगले काही ज्वारीच्या मुठींवर उभे राहिले नव्हते. तरीही वय वाढले तसे माझे मत थोडे मऊ झाले आहे. मुठीचे मडके ज्या कोणी आमच्या कोनाड्यात प्रथम ठेवले असेल, त्याने किंवा तिने आजीच्या आजीला एक जागा दिली: आता खळ्याच्या कडेला फडके पसरून उभी राहणारी तीच बाई टोपलीत गाठ ठेवून पाळकाला पोसणार होती. पाळक तिचा झाला, कारण त्याच्या भाकरीत तिचे पीठ होते.

ही मूठ आमच्या एकट्यांची नाही, हे इथे सांगायला हवे. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत प्रत्येक वेळी भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची रीत शंभरावर वर्षे चालू आहे आणि तिथल्या मंडळ्यांच्या उत्पन्नात त्या तांदळाचा वाटा लक्षणीय आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या मुलांची वसतिगृहे चालवताना मुष्टिफंड उभा केला तो ह्याच तत्त्वावर. मुठीने देण्यात एक मोठी सोय आहे: ती स्वयंपाकघरातून निघते, म्हणजे बाईच्या हातून निघते. घरातला कारभारी पैशाच्या पाकिटावर बसलेला असला तरी ज्वारीच्या सुपावर सत्ता आजीची होती.

सुगीच्या सणाला, ज्याला आमच्याकडे सर्रास 'हार्वेस्ट'च म्हणतात, हे सगळे उघड्यावर येई. चर्चच्या आत दारापासून मेजापर्यंत उसाची कांडी, ज्वारी-बाजरीची कणसे, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, हरभऱ्याचे डहाळे, गुळाची ढेप आणि पाय बांधलेल्या एक-दोन कोंबड्या अशी रांग लागे. उपासना चालू असताना कोंबड्या मध्येच आपले म्हणणे मांडीत आणि पाळक थांबून हसत. उपासनेनंतर पिंपळाखाली लिलाव. लिलाव पुकारणारे मास्तर वर्गात जितके कडक तितके इथे विनोदी. एका विधुर म्हाताऱ्याच्या परसातला भोपळा पाच रुपयांवरून चढत चढत साठावर जाई, घेणारा तो डोक्यावर घेऊन दोन पावले टाकी आणि परत आणून मेजावर ठेवी, "पुन्हा पुकारा." तोच भोपळा तीन-तीनदा विकला जाई. बाजाराच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा होता. ज्यांच्या बापजाद्यांनी धान्य कधी भाव करून घेतले नव्हते आणि भाव करून विकलेही नव्हते, ती माणसे वर्षातून एक दिवस आपल्याच पिकाचा भाव मन मानेल तितका चढवीत होती आणि त्यात त्यांना जो आनंद होई, तो मी पुढे कोणत्याही मॉलमध्ये कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

शहरात आल्यावर मूठ जाऊन दशमांश आला. दशमांशाच्या बाबतीत खजिनदाराकडे येणारे प्रश्न मोठे मासलेवाईक असतात. हातात पडणाऱ्या पगाराचा दहावा हिस्सा की कर कापण्याआधीच्या? बोनसवर लागू होतो का? घराचे कर्ज फिटेपर्यंत सूट आहे का? एका तरुण अभियंत्याने मला व्यवस्थित तक्ता करून पाठवला होता, ज्यात गावाकडे आईवडिलांना पाठवायची रक्कम दशमांशातून वजा धरावी काय असा शेवटचा रकाना होता. मी त्याला बायबलमधल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचायला सांगितले. तिथला दशमांश आमच्या प्रवचनांतल्या दशमांशासारखा दिसत नाही. धान्य, द्राक्षारस, तेल ह्यांचा दहावा हिस्सा घेऊन कुटुंबाने देवाने निवडलेल्या ठिकाणी जायचे आणि तिथे त्याच्यासमोर बसून आनंदाने ते जेवायचे. वाट फार लांबची असेल तर माल विकून पैसे न्यायचे आणि तिथे मनाला आवडेल ते विकत घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो हिस्सा आपापल्या गावातच ठेवायचा, तोही लेवी (मंदिरसेवेचे, स्वतःची जमीन नसलेले कुळ), परदेशी, अनाथ आणि विधवा ह्यांनी येऊन तृप्त होईपर्यंत खावा म्हणून. म्हणजे दशमांशाचा एक मोठा भाग पंगतीचा आहे. शिवाय शेताच्या कडा कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी सोडावा, हा नियम वेगळाच. बायबलमधली गरीब विधवा रूथ ज्या सरव्यावर जगली तो दशमांशात धरलेला नव्हता.

दशमांशावर बोलताना हमखास उघडले जाते ते मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचे तिसरे प्रकरण, जिथे देव म्हणतो की तुम्ही मला लुबाडले आहे, सगळा दशमांश भांडारात आणा. हे वचन मोठ्या आवाजात वाचले जाते. त्याच्या अवघ्या तीन वचने आधी देव आणखी कोणाकोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणार आहे त्यांची यादी आहे, तिच्यात मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना गांजणारे येतात. ते वचन हळू आवाजातही वाचले जात नाही. पुदिना, शेपू आणि जिरे ह्यांचाही दशमांश चोख देणाऱ्या आणि न्याय, दया, विश्वास ह्या भारी गोष्टी सोडून देणाऱ्या लोकांवर येशू चिडतो. त्या चिडीत शेपूची जुडी आल्यामुळे मला ते वचन नेहमी आमच्या हार्वेस्टच्या मेजावर ठेवल्यासारखे वाटते. दहावा हिस्सा द्यावा की नाही, ह्यावर माझे मत विचाराल तर द्यावा, कारण ठरवलेला आकडा नसला की मन दर महिन्याला स्वतःशी घासाघीस करते आणि बहुतेक वेळा जिंकते. पण ते कुंपण आहे, शेत नव्हे.

त्या अभियंत्याच्या शेवटच्या रकान्याचे उत्तरही शास्त्रात आहे. आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेले, आहे असे जाहीर करून हात वर करणाऱ्यांना येशू मार्कच्या सातव्या प्रकरणात फार कडक शब्दांत बोलतो. मी त्याला लिहिले की आईवडिलांचा खर्च आधी कर, तो वजावटीत धरू नकोस आणि उपकार म्हणूनही धरू नकोस. हे लिहिताना मला रेव्हरंड टिळक आठवत होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या अभंगांवाचून मराठी ख्रिस्ती उपासना अजून होत नाही, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीवर व पगारावर पाणी सोडले. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू आला की खिशातले त्याचे होई. हे वाचून आपला ऊर भरून येतो. पण महिन्याची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे, आणि त्यांनी त्या संसाराविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना हसता हसता घशात आवंढा येतो. उदार माणसाच्या घरात एक दुसरे माणूस असते, जे डब्याच्या तळाशी हात घालून पाहते. टिळकांच्या दातृत्वावर प्रवचन करणाऱ्याने त्या डब्याचा उल्लेख केला, तर ते प्रवचन मी पुन्हा ऐकायला जाईन.

अलीकडे घरोघरी मोबाइलवर येणाऱ्या काही प्रवचनकारांविषयी मात्र मला असा दुहेरी विचार करता येत नाही. ते देण्याला 'बी पेरणे' म्हणतात. हजार पेरा, तीसपट, साठपट, शंभरपट उगवेल. खाते क्रमांक पडद्यावर खाली फिरत असतो. येशूच्या मूळ दाखल्यातले बी म्हणजे वचन आहे, नोटा नव्हेत, आणि ज्यांनी कोरडवाहू शेती केली आहे त्यांना शंभरपटीची खात्री देणारा माणूस बियाणे विकायला आला आहे हे ओळखता यावे. आमच्याच मंडळीतल्या एका बाईंनी मुलाला नोकरी लागावी म्हणून कानातले मोडून असे 'बी' पेरले. नोकरी लागली नाही, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुमचा विश्वास कमी पडला. नवसात निदान काम झाल्यावर फेडायचे असते. इथे आगाऊ वसुली आहे आणि नुकसानीचा दोषही गिऱ्हाइकाच्याच माथी.

ह्याच मंडळींच्या तोंडी विधवेच्या दमडीची गोष्ट सारखी असते. मंदिराच्या भांडारापुढे येशू बसला आहे, धनवान पुष्कळ टाकताहेत, एक गरीब विधवा दोन लहानशी नाणी टाकते, आणि तो शिष्यांना बोलावून म्हणतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकले, कारण हिने आपली सगळी उपजीविका टाकली. ही गोष्ट मी लहानपणापासून देणाऱ्याच्या बाजूने ऐकत आले होते. खजिनदार झाल्यावर एकदा ती भांडाराच्या बाजूने वाचली आणि चपापले. तिच्या अगदी आधीच्या वचनांत येशू लांब झगे घालणाऱ्या शास्त्र्यांपासून जपून राहा म्हणतो, जे विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि तिच्या लगेच नंतर, शिष्य मंदिराचे भव्य चिरे दाखवतात तेव्हा, तो म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. घर गिळले गेलेली एक विधवा आपले शेवटचे नाणे अशा भांडारात टाकते आहे ज्याचे दिवस भरले आहेत. येशू तिचे मोल ओळखतो ह्यात शंका नाही. पण तिने आता काय खावे, ह्याची चिंता त्या भांडाराने करायला हवी होती हा प्रश्नही त्या पानावर, तिच्या दोन्ही बाजूंना, उभाच आहे.

पौलाला हा प्रश्न कळला होता असे मला वाटते. यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी त्याने मासेदोनिया, अखया, गलतिया इथल्या मंडळ्यांतून जी वर्गणी गोळा केली, तिच्याविषयी करिंथकरांना लिहिलेली दोन प्रकरणे मी दर वर्षी वार्षिक सभेच्या आधी वाचते. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कमालीच्या गरिबीत असून त्यांनी आम्हालाही देऊ द्या अशी गळ घातली, हे तो हलक्या अभिमानाने सांगतो. त्यात करिंथच्या श्रीमंतांना कोपरखळी आहे. ती वाचताना मला खळ्याच्या कडेची फडकी आठवतात. आणि मग तो एक पूर्णपणे कारकुनी गोष्ट लिहितो: ही रक्कम मी एकटा नेणार नाही, माझा सहकारी तीत ह्याच्याबरोबर सगळ्या मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ येईल, कारण एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, आणि आमचे वागणे देवाच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही चोख असावे. ज्याने तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलले गेल्याचा अनुभव सांगितला, त्या माणसाला पैसे मोजताना शेजारी दुसरा माणूस हवा होता.

महाराष्ट्रात चर्चची मालमत्ता बहुधा सार्वजनिक न्यासाकडे असते, १९५० च्या कायद्यान्वये न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते, आणि दर वर्षी हिशेब तपासून घेऊन सादर करावे लागतात. हे सगळे आम्हाला सरकारी जाच वाटते. मी एका अशा मंडळीत वाढत्या वयाची काही वर्षे काढली आहेत, जिथे सात वर्षे वार्षिक हिशेब वाचला गेला नाही. विचारणाऱ्याला 'देवाच्या सेवकावर संशय घेतोस?' असे ऐकावे लागे. चोरी झाली होती की नुसता गलथानपणा होता, ते कधीच ठरले नाही. वह्याच सापडल्या नाहीत. पण थैलीतली नाणी वाढत गेली आणि नोटा कमी होत गेल्या, हे मला, तेव्हा कॉलेजात असलेल्या मुलीलाही, दिसत होते. माणसांनी देणे थांबवले नव्हते. ती दुसरीकडे देऊ लागली होती, आजारी शेजाऱ्याला, भाच्याच्या फीसाठी. मंडळीचा पाळक भाड्याच्या दोन खोल्यांत राहून मुलांच्या शाळेचे हप्ते थकवत होता आणि त्याचा ह्या सगळ्यात काडीचाही दोष नव्हता.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे की उपासनेनंतर पैसे मोजायला तिघे बसायचे, त्यांत एकाच घरातले दोघे नकोत, आणि रक्कम त्याच दिवशी फलकावर लिहायची. फलक दाराशी आहे, पंख्याच्या खाली. ह्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्या कुटुंबाने कोणाच्या तरी स्मरणार्थ असे रंगवून घेतले आहे. उन्हाळ्यात पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, आणि थंडीत तो बंद असतो तेव्हा स्वच्छ वाचता येते. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने द्यावे ह्या वचनाचे इतके वक्तशीर पालन मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मोजायला बसलो असताना एका जुन्या, दोनदा वापरलेल्या पाकिटात एकशे साठ रुपये निघाले. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले होते: मार्च, एप्रिल, राहिलेले. अक्षर ओळखीचे होते. ह्या मावशी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, दर रविवारी वीस रुपये देणाऱ्या. त्या दोन महिन्यांत त्या रुग्णालयात होत्या, आणि त्यांच्या औषधांचा काही खर्च मंडळीच्या मदत निधीतून मीच भागवला होता. बाजूला बसलेले गृहस्थ म्हणाले, हे परत करू या, बरे दिसत नाही. मलाही तेच वाटले. आम्ही पास्टरांना विचारले, तर ते म्हणाले, पावती फाडा. त्या आठ रविवारांच्या वीस-वीस रुपयांत आपण कोण आडवे येणार?

मी पावती लिहिली आणि संध्याकाळी त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. "जय ख्रिस्त, या बाई," म्हणून त्यांनी बसायला स्टूल पुढे केले. पावती डोळ्यांजवळ धरून त्यांनी आधी अंकी रक्कम पाहिली, मग अक्षरी, मग खालची सही. आणि घडी करून शास्त्रात ठेवली, जिथे अशा घड्यांमुळे मधली पाने फुगली होती. चहा झाला. मी उठले तेव्हा त्यांनी विचारले, मागल्या वर्षाचा हिशेब छापला का अजून. म्हटले, छापायला दिला आहे, पुढच्या रविवारी वाटू.

"जरा मोठ्या अक्षरांत छापायला सांगा," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला मदत निधीची ओळ मला भिंग लावूनसुद्धा लागली नाही."